पुतळा सुस्थितीत आहे

राणीसाहेब रोज सकाळी बादली घेऊन आपल्या महालात यायच्या, गुडघ्यांवर बसून सगळी फरशी पुसायच्या, आणि फरशी वाळली की जरीचा झगा चढवून त्याच फरशीवर राज्य करायला बसायच्या. एवढ्या इमानाने राज्य केलेली दुसरी राणी इतिहासात कुणी दाखवून द्यावी, आपण हरलो.

खरी राणी कधीच देवाघरी गेली होती. मागे उरला तो एवढा थोरला राजवाडा, त्याच्याभोवतीची बाग आणि जागोजागच्या 'हात लावू नका'च्या पाट्या. लोक म्हणायला राजवाडा बघायला येत, पण खरं तर येत ते बागेसाठी. कारंज्याशी फोटो काढायचे, 'गवतावर बसू नये' ही पाटी शोधून तिलाच टेकून बसायचं, पोरांना गुलाब तोडू नका म्हणत स्वतः एक तोडायचा, आणि ऊन फार झालं की तिकिटात आहेच तर म्हणून आत शिरायचं. आत गार असतं. इतिहासाचा एवढा एक फायदा सगळ्यांना मान्य होता.

राणीच्या महालात, खिडकीशी खुर्चीवर, राणीचा पुतळा बसवलेला होता. मेणाचा चेहरा, मेणाचे हात, डोक्यावर मुकुट, अंगात पायघोळ जरीचा झगा, नजर जरा खाली, बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीकडे. आपल्या बाई तिथल्या सफाई कामगार. एका सकाळी कोळिष्टकं काढताना त्यांच्या झाडूचा दांडा लागला आणि राणीची मान कडकन मोडली. मुंडकं घरंगळत पलंगाखाली गेलं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यात दुसऱ्याच दिवशी वरचे कुणी बडे पाहुणे यायचे होते. साहेब, म्हणजे राजवाड्याचे अधीक्षक, धावत आले. आधी ओरडले, मग घाम पुसला, मग मोडक्या राणीकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग परत राणीच्या झग्याकडे.

"बाई," साहेब म्हणाले, "हा झगा तुम्हाला येईल का हो?"

"मला?"

"दोनच दिवसांचा प्रश्न आहे, नवा पुतळा येईपर्यंत. नाहीतर चौकशी बसेल. चौकशी बसण्यापेक्षा तुम्ही बसलेलं बरं."

बाई बसल्या. पाहुणे आले, लांबूनच माना डोलावून गेले. साहेबांनी मान मोडल्याचं गुलदस्त्यात ठेवलं आणि 'पुतळा जुना झाला आहे, नवा मिळावा' असा प्रस्ताव वर धाडला. सरकारी काम आणि सहा महिने थांब. पण यांचं नशीब इतकं थोर की पुढच्या उन्हाळ्यात चक्क एक समितीच पाहणीला आली. तीन विद्वान चष्मे सावरत दोरीशी उभे राहिले. आता साहेब त्यांना सांगणार तरी काय? पुतळा मोडलाय म्हणावं, तर मग समोर कोण बसलंय तेही सांगावं लागतं. विद्वानांनी बाईंना निरखून निरखून पाहिलं. एक म्हणाले, कारागिरी अस्सल आहे. दुसरे म्हणाले, नाक जरा जास्तच मोठं झालंय, पण त्या काळी तशीच पद्धत होती. तिसऱ्यांनी शेरा मारला, पुतळा सुस्थितीत आहे, नव्याची गरज नाही.

झालं! त्या दिवसापासून बाई कायमच्या राणी झाल्या. पगार मात्र सफाईचाच राहिला, कारण राणीची जागा मंजूरच नव्हती. राजवाड्यातले सगळे त्यांना राणीसाहेब म्हणू लागले, आधी चेष्टेने, मग सवयीने. साहेबांनी शपथ घालून ठेवली होती, बाहेर अवाक्षर काढायचं नाही. कळलं तर दोघांचीही नोकरी गेली म्हणून समजा. राणीसाहेबांनी ती गोष्ट एकट्या लेकीला तेवढी सांगितली, आणि लेकीनेही कुणाला ताकास तूर लागू दिला नाही.

पुतळा होणं म्हणजे नुसतं बसून राहणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा भरल्या खोलीत नाकावर माशी बसवून घ्यावी. श्वास पोटातून घ्यायचा, तोही झग्याच्या चुण्या हलणार नाहीत इतपत. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, म्हणजे उघडझाप कळत नाही. खोलीत उजेड कमी, दोरी लांब, आणि दाराशी मामा. मामा म्हणजे त्या महालाचे पहारेकरी. मधूनमधून ते 'सफाईसाठी बंद' अशी पाटी लावून दार लोटायचे, की राणीसाहेब उठून पाय मोकळे करायच्या, पाणी प्यायच्या आणि साठलेलं सगळं बोलून घ्यायच्या. मुळात बाई बोलक्या. बोलक्या म्हणजे किती, तर घरी त्यांनी तोंड उघडलं की लेक म्हणायची, "आई, जरा पुतळा हो ना गं!"

आणि बोलायला विषय काय थोडे होते? पुतळ्यापुढे माणसं जे बोलतात ते देवापुढेही बोलत नाहीत. देव ऐकत असेल अशी निदान शंका तरी असते. राणीपुढे सख्खे भाऊ बापाच्या घरावरून भांडले. एका गृहस्थाने बायको कारंज्याशी असताना भलत्याच बाईला फोन केला. एका कारकुनाने आजारपणाची रजा मागायचा सराव केला, खोकल्यासकट. खोकला बरा जमला होता, असं राणीसाहेबांनी मामांना सांगितलं.

घरी मायलेकी दोघीच. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि तिथे काचांचे नमुने घेऊन येणाऱ्या एका मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा दिसायला नीटनेटका, बोलायला मऊ. राणीसाहेबांनी त्याचा फक्त फोनमधला फोटो पाहिला होता, आईवडिलांच्या मध्ये उभा असलेला.

"तुझ्याविषयी सगळं सांगितलंय त्याला," लेक म्हणाली होती. "म्हणजे राणीचं नाही हं. राजवाड्यात सफाईला आहेस, ते."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, मला काही फरक पडत नाही. घरचे नको म्हणाले तरी मी तुझ्याच बाजूने उभा राहीन."

हे सांगताना पोरीचा चेहरा असा फुलला होता की राणीसाहेबांना पुढे काही विचारवेना. लहानपणापासून त्या पोरीने स्वतःसाठी कधी हट्ट म्हणून केला नव्हता. आता हे एकच मागत होती. तेवढं तिच्या पदरात पडू दे, मग आपल्याला दुसरं काही नको, असं राणीसाहेब रोज झोपताना स्वतःशी म्हणायच्या.

मुलाकडची मंडळी दुसऱ्या गावाहून एका संध्याकाळी चहाला यायची ठरली. राणीसाहेबांनी त्या दिवशी रजा मागितली. साहेब म्हणाले, "बाई, राणी रजेवर गेली तर खुर्चीवर काय ठेवू, बादली?" तेव्हा पहाटेच उठून घर आवरून, ठेवणीतले कप धुऊन पालथे घालून त्या कामावर आल्या.

दुपारी ऊन चढलं आणि बागेतली माणसं आत लोटली. त्या लोंढ्यातलं एक कुटुंब दोरीशी येऊन थांबलं. राणीसाहेबांनी अर्ध्या मिटल्या डोळ्यांनीही त्यांना लगेच ओळखलं. फोटोतलेच तिघे, आणि उभेही तसेच, मुलगा मध्ये. चहापर्यंतचा वेळ काढायला राजवाडा बघायला आले होते. राणीसाहेबांना हसू आवरेना. म्हटलं, चला, विहीणबाई आधी आपल्या दरबारात हजर झाल्या! हसू त्यांनी दातांखाली धरून ठेवलं.

विहीणबाईंनी पुतळ्याकडे ओझरतं पाहिलं आणि फरशीकडे नीट पाहिलं.

"इथेच झाडते म्हणे त्या मुलीची आई," त्या म्हणाल्या. "काम मात्र चोख आहे हो."

"मग संध्याकाळचं काय करायचं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"काय म्हणजे? जायचं, चहा प्यायचा, गोड बोलायचं, उठायचं. नकार देऊन आपण कशाला वाईट व्हा? यानेच जमवलंय, यानेच मोडावं." मग त्या मुलाकडे वळल्या. "ऐकतोयस ना रे? चार दिवस जाऊ दे आणि सांग तिला काहीतरी. झाडूवालीची मुलगी मी घरात घेणार नाही. स्पष्ट सांगते."

झाडूवाली! राणीसाहेबांना तो शब्द लागला, पण त्यांचं सगळं लक्ष त्या मुलावर होतं. बोल रे बाळा. उभा राहीन म्हणाला होतास ना, मग राहा उभा. एक वाक्य बोल, म्हणजे तुझ्या आईचं ते 'झाडूवाली' मी गिळून टाकते, वर पाणीसुद्धा मागत नाही.

मुलाने बुटाचं टोक फरशीवर घासलं. "बरं," तो म्हणाला.

एवढंच. त्या 'बरं'मध्ये ना राग होता ना दुःख. दुकानात जाताना दूध आण म्हटल्यावर माणूस म्हणतो, तसलं बरं. आईवडील समाधानाने पुढच्या दालनात तलवारी बघायला गेले. बाकीची माणसंही पांगली. शेजारच्या दालनात कुणी तरी तोफेवर चढून बसलं होतं, त्याला उतरवायला मामा गेले. मुलगा एकटाच मागे राहिला. राणीसाहेबांना वाटलं, आता रडेल बिचारा. आईपुढे धीर झाला नसेल. काही काही माणसं भित्री असतात, पण मनाने चांगली असतात. त्यांच्या मनात माया दाटून आली, आता बोला!

मुलाने इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पुतळ्याच्या तोंडाकडे बघत बोलायला लागला.

"हे बघ, मला परदेशी नोकरी लागतेय. तुला इतकी वर्षं थांबवून ठेवणं मला पटत नाही." जरा थांबला, मान हलवली. नाही, ती म्हणेल मी थांबते. परत सुरुवात. "आईचं हृदय नाजूक आहे गं. डॉक्टर म्हणाले, तिला धक्का बसता कामा नये." हेही त्याला फारसं रुचलं नाही. मग त्याने एक हात छातीवर ठेवला, आवाज खाली आणला, डोळे जरा ओले करून पाहिले. "मी तुझ्या लायकच नाही. तुला माझ्याहून चांगला मुलगा मिळायला हवा."

हे मात्र जमलं. स्वतःलाच इतकं आवडलं की त्याने ते हात बदलून पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग भिंतीवरच्या तसबिरीच्या काचेत केस सारखे केले आणि जाता जाता पुतळ्याला म्हणाला, "काय राणीसाहेब, पटलं ना?"

गोगलगाय आणि पोटात पाय! राणीसाहेबांना एकच सुचत होतं. उठावं, मुकुट काढावा आणि त्याच्या त्या विंचरलेल्या टाळक्यात घालावा. हात खुर्चीच्या कडेवरून सुटतोय असं वाटत असतानाच दारातून सहलीची पोरं किलबिलत आत शिरली, त्यांच्या मागून साहेबांचा आवाज आला, आणि राणीसाहेबांचा हात होता तिथेच राहिला. मुलगा तलवारी बघायला निघून गेला. राणीसाहेब संध्याकाळपर्यंत तशाच बसून होत्या. मामांनी पाटी लावून दार लोटलं, तेव्हाही उठल्या नाहीत आणि बोलल्याही नाहीत. मामांना वाटलं, तब्येत बरी नाही.

संध्याकाळी मंडळी वेळेवर आली. विहीणबाई इतक्या गोड बोलत होत्या की चहात साखर नसती तरी चाललं असतं. घर किती टापटीप, मुलगी किती गुणाची, तुम्ही एकटीने कसं हो केलंत सगळं! लेक लाजून हसत होती आणि सारखी मुलाकडे बघत होती. मुलगा मात्र राणीसाहेबांकडे बघत होता. त्या कप ठेवायला वाकल्या, तसा तो म्हणाला, "तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

"वाटणारच," राणीसाहेब म्हणाल्या. "आज दुपारीच पाहिलंयस. खिडकीशी बसले होते, मुकुट घालून."

त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, हात खुर्चीच्या कडेवर ठेवले, पापण्या अर्ध्या मिटल्या आणि श्वास आत घेतला. मुलगा कप तसाच हातात घेऊन उठून उभा राहिला.

"काय झालं रे?" विहीणबाई म्हणाल्या. "काय चाललंय हे?"

राणीसाहेबांनी डोळे उघडले. "काही नाही. याला माझ्या लेकीला एक गोष्ट सांगायची आहे. चांगली पाठ केली आहे. चार दिवस कशाला थांबायचं? सांग बाळा. पहिलं नको, परदेशातलं. आईच्या हृदयाचंही नको, त्या चांगल्या ठणठणीत आहेत. छातीवर हात ठेवून म्हणालास ना, ते सांग."

विहीणबाईंचं तोंड उघडं पडलं, आणि पहिल्यांदाच त्यातून काही गोड बाहेर आलं नाही. लेकीने आईकडे पाहिलं, मग मुलाकडे. "काय सांगायचंय?" तिने विचारलं.

मुलगा जमिनीकडे बघत राहिला. हात छातीवर ठेवायचं त्याला सुचलं नाही. "मी तुझ्या लायक नाही," तो पुटपुटला.

लेक त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. त्याने एकदा तरी मान वर करावी म्हणून थांबली असावी. त्याने केली नाही. "मान्य आहे," ती म्हणाली आणि उठून दार उघडून उभी राहिली.

मंडळी गेली. राणीसाहेबांना वाटलं, आता पोर गळ्यात पडेल. झालं भलतंच. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "त्याने हे सगळं तुझ्यासमोर म्हटलं?"

"हो ना! मेला हात बदलून बदलून..."

"आणि तू बसून राहिलीस? तुझ्या डोळ्यांदेखत तो तुझ्या लेकीला टाकायची तालीम करतोय, आणि तू हललीसुद्धा नाहीस?"

"अगं, तिथे उठले असते तर तो भुताला घाबरून पळाला असता. मला त्याला तुझ्यासमोर उघडा पाडायचा होता."

वाक्य मोठं झोकदार होतं. लेकीने ते ऐकून घेतलं. "खोटं बोलू नकोस, आई."

राणीसाहेबांनी समोरचा रिकामा कप उचलला आणि परत ठेवला. मग म्हणाल्या, "साहेबांचा आवाज आला गं. नोकरी जाईल अशी भीती वाटली. हात उचलला होता मी, खरंच सांगते. पण भीती वाटली."

लेक आत गेली. सकाळी राणीसाहेब उठल्या तेव्हा ती तोंड फिरवून पडली होती. जागी होती, पण हाकेला ओ दिली नाही. राणीसाहेब बादली भरून फरशी पुसायला निघून गेल्या.

त्या दिवशी सुट्टीमुळे राजवाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब स्वतः कुणा बड्या कुटुंबाला घेऊन फिरत होते. "ही आमची राणी," ते दोरीशी उभे राहून सांगत होते, "इतकी हुबेहूब, की लोकांना वाटतं आता बोलेल!" बडं कुटुंब कौतुकाने हसलं.

गर्दीतून वाट काढत लेक पुढे आली. रीतसर तिकीट हातात होतं. आजवर ती कधी हा महाल बघायला आली नव्हती. आईने येऊ दिलंच नव्हतं. ती दोरीला पोट टेकवून उभी राहिली, मुकुटाकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली. हळू नाही, घरात हाक मारावी तशी.

लोक मागेपुढे बघायला लागले, कुणाची आई हरवली म्हणून. साहेबांचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. दाराशी मामा घाईघाईने 'सफाईसाठी बंद'ची पाटी शोधायला लागले.

"आई, मी आलेय."

राणीसाहेबांना सगळं दिसत होतं. साहेबांचा पांढराफटक चेहरा दिसत होता, त्यांनी पाहुण्यांच्या पाठीमागून 'हलू नका' म्हणून दाखवलेलं बोट दिसत होतं. महिनाअखेर, भाडं, रेशन, सगळं त्या तेवढ्यात दिसून गेलं. आणि समोर लेकीचे रात्रभर रडून सुजलेले डोळे होते. ती तिसऱ्यांदा हाक मारणार नव्हती. राणीसाहेब तिला जन्मापासून ओळखत होत्या.

त्यांनी मान वर केली आणि डोळे चांगले टक्क उघडले. गर्दीतून एक किंकाळी उठली. कुणीतरी मागच्या मागे साहेबांच्या अंगावर कोसळलं. राणीसाहेबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. झगा दोन्ही हातांनी उचलून धरत त्या दोरीपर्यंत चालत आल्या.

"काय गं?" त्या म्हणाल्या. "सकाळपासून काही खाल्लंस का?"